लहानूने जीप उंच केली

आंबेमाळ नावाची डोंगरातली एक वाडी होती आणि त्या वाडीत लहानू मरगळे नावाचा एक जीपवाला होता. जीप जुनी. इतकी जुनी, की वाडीतल्या निम्म्या सुना तिच्यातूनच सासरी आल्या होत्या. पत्रा ठिकठिकाणी जोडलेला, दारं केव्हाच निखळलेली, पण इंजिन खणखणीत. बाजाराच्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्या तुपाचे डबे घेऊन याच जीपने खालच्या बाजारगावी जायच्या. तूप विकलं तर त्यांच्या घरात मीठमिरची यायची. लहानूचं पोटही याच फेरीवर होतं.

वाटेत खिंडीच्या तोंडाशी, ऐन उतारावर, म्हसोबाचा दगड होता. रस्त्याच्या मधोमध जमिनीतून वर आलेला कातळच तो. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. दगडाला शेंदूर लावलेला, त्यामुळे त्याच्यावर पहार घालायची कुणाची छाती नव्हती. वाडीची रीत अशी, की दगडापाशी सगळ्यांनी खाली उतरायचं, हात जोडायचे, दगड दोन चाकांच्या मधे घेऊन रिकामी जीप पुढे जाऊ द्यायची आणि मग पलीकडे पुन्हा चढायचं. देवाच्या डोक्यावरून बसून जायचं नाही; सूट फक्त चालवणाऱ्याला.

त्या वर्षीच्या पावसाने दगडाभोवतीची माती वाहून नेली. दगड होता तेवढाच, पण बोटभर जास्त वर आला. जीपचं पोट त्याला घासू लागलं. खालून खर्र आवाज आला की लहानू गाडी थांबवून खाली वाकून बघायचा. एखाद्या दिवशी खालचं ऑइलचं चेंबर फुटणार, जीप तिथेच बसणार आणि फेरी कायमची रंगनाथकडे जाणार, या विचाराने त्याला चैन पडेना.

हा रंगनाथ खालच्या गावचा. त्याने नवीकोरी उंच गाडी घेतली होती. ती दगडावरून आवाज न करता जायची आणि वाडीतली पोरं तिच्याकडे टकामका बघत राहायची. म्हाताऱ्या मात्र अजून लहानूच्याच जीपची वाट बघत शाळेच्या ओट्यावर बसायच्या. हा आपल्या गोड स्वभावाचा गुण, असं लहानूला वाटायचं. वाटू दे बिचाऱ्याला.

आधीच या माणसाच्या पायाला भिंगरी, त्यात ही काळजी. जेवता जेवता उठायचा, जीपखाली वाकायचा, वीत लावून बघायचा, परत येऊन बसायचा, की पुन्हा उठायचा. ताटातली भाकरी गार होऊन जायची. गाडी उंच कशी करू, असं ज्याला त्याला विचारत सुटला. एक म्हणाला, मोठी टायरं घाल. दुसऱ्याने सांगितलं, नव्या स्प्रिंगा आणि लांब शॉकॲब्सॉर्बर असा सगळा संचच मिळतो. त्याची किंमत ऐकून लहानू मटकन खाली बसला. तेवढ्या पैशात दुसरी जुनी जीप आली असती. तिसरा म्हणाला, चाकांवरच्या आहे त्याच पोलादी कमानीत पाटे वाढवत जा. तसे वाढवलेल्या एका ट्रकमध्ये लहानू बसून आला आणि घरी येऊन कंबर शेकत पडला. संध्याकाळी एक ठरायचं, सकाळी ते मोडायचं.

त्याची बायको शेवंता शेवटी कंटाळली. "आवं, साऱ्या मुलखाला इचारून झालं. गाडीत बसनाऱ्यांना इचारलं का?" बसणाऱ्यांना गाडीतलं काय कळतंय, असं म्हणून लहानूने तो विषय उडवून लावला आणि तडक बाजारगावचं गॅरेज गाठलं.

गॅरेजवाला हुसेनभाई. त्याने जीपखाली शिरून पाहिलं आणि परवडेल असा मार्ग सांगितला. मागे कमान आणि चाकांचा ॲक्सल यांच्या मधे लोखंडी ठोकळे बसवायचे, पुढे त्या मानाने एखाददुसरा पाटा वाढवायचा. ठोकळे दोन मापांत मिळत होते, लहान आणि मोठे. किंमत जवळपास सारखीच.

"किती उंच पाहिजे?" हुसेनभाईने विचारलं.

आता बघा, लहानूचं काम बोटभर उंचीत भागत होतं. पण तेवढ्याच पैशात मोठा ठोकळा मिळतोय म्हटल्यावर लहान घेईल तो लहानू कसला! शिवाय रंगनाथची गाडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. होईल तेवढी उंच करा, असं तो सांगून मोकळा झाला. गाडी जरा डुलेल, असं हुसेनभाई म्हणाला. डुलू दे, असं लहानू म्हणाला.

परत येताना रिकामी जीप दगडावरून अलगद गेली. लहानूने खाली उतरून, रस्त्यात आडवं पडून पाहिलं. दगड आणि जीपचं पोट यांच्यात चांगला वीतभर उजेड दिसत होता. तो एकटाच हसला. घरी आल्यावर जेवायला बसला खरा, पण दर घासाला उठून दारातून जीपकडे बघून येत होता.

बाजाराचा दिवस उजाडला. म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे शाळेच्या ओट्यावरून जीपमध्ये चढल्या, त्यामुळे जीप उंच झाल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. वळणावळणावर गाडी डुलत होती आणि बाया एकमेकींना धरून बसल्या होत्या. दगड आला. तरणी माणसं उड्या मारून उतरली, म्हाताऱ्या घसरत घसरत खाली आल्या. सगळ्यांनी हात जोडले. जीप दगडावरून गेली आणि आवाज म्हणून झाला नाही. लहानूने पुढे जाऊन ब्रेक दाबला आणि मोठ्या दिमाखात मागे वळून पाहिलं.

ठकूआजी जीपच्या मागे उभी होती. वाडीतली सगळ्यांत म्हातारी तीच. तिने दांडीला हात घातला आणि पाय उचलला. पाय पोचला नाही. दुसरा उचलून पाहिला, तोही नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांची तीच गत. तिथे ना ओटा, ना बांध, ना पायरी. मागे लोंबती पायरी लावावी तर ती देवाच्या दगडालाच आपटणार. लहानूने स्टेपनी काढून खाली टाकली, ती उतारावरून घरंगळली. दगडगोटे गोळा केले, ते पायाखाली डुगडुगले. तो इकडून तिकडे धावत होता आणि उन्हाने डब्यातलं तूप पातळ होत होतं.

चढून बसलेले दोन तरणे गडी खाली उतरले आणि आजीला उचलून आत ठेवतो म्हणाले. ठकूआजी झटकन मागे सरली.

"मी काय पोतं हाय?"

तिने डबा डोक्यावर घेतला आणि बाकीच्यांना बाजारला जायला सांगितलं. लहानू रडकुंडीला आला. "आजी, मागनं रंगनाथची गाडी येतीया. तिच्यात बस, पर बाजार बुडवू नगं."

ठकूआजी हसली. "त्या माडीवर चढता आलं असतं, तर तुझ्या खटाऱ्यात कशाला बसले असते रं, लेकरा?"

एवढं बोलून ती वाडीच्या वाटेला लागली. बाकीच्या म्हाताऱ्याही डबे सांभाळत तिच्या मागून निघाल्या. लहानू बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की माणसं आपल्या स्वभावासाठी येतात. ती येत होती जीप ठेंगणी होती म्हणून. त्याला मनापासून लाज वाटली. बाजारापर्यंत खालून एकदाही आवाज आला नाही, पण निम्म्या रिकाम्या जीपमध्ये त्याला क्षणभर स्वस्थता मिळाली नाही.

संध्याकाळी तो सुतळी घेऊन ठकूआजीच्या दारात उभा राहिला. पाय किती वर येतो ते दाखव, म्हणाला. म्हातारीला वाटलं, याला ऊन लागलं. जन्मात चपलेसाठीसुद्धा कुणी माझं माप घेतलं नाही, असं पुटपुटत तिने चौकट धरली आणि पाय उचलला. लहानूने तिथे सुतळीला गाठ मारली. मग दगडापाशी जाऊन त्याच्या उंचीला दुसरी गाठ मारली. दगडाच्या गाठीच्या वर पोट आणि आजीच्या पायाच्या गाठीच्या खाली चढायची कड, एवढीच उंची पाहिजे, असं त्याने हुसेनभाईला सुतळी देऊन सांगितलं. हुसेनभाईने मोठे ठोकळे काढले, लहान बसवले, पुढचंही त्या मानाने खाली घेतलं आणि मजुरी पुन्हा लावली. लहानूने ती निमूट दिली.

पुढच्या बाजारी जीप दगडावरून गेली. अगदी बोटभर अंतराने, पण न घासता. लहानू उतरून मागे येऊन उभा राहिला. हात शिवशिवत होते, पण त्याने ते पाठीमागे धरून ठेवले. ठकूआजीने दांडी पकडली, कडेवर पाय ठेवला, गुडघा दाबला आणि आपली आपण वर चढली. डबा मांडीवर घेऊन नीट बसली. लहानू तसाच उभा होता.

"चल की आता," ती म्हणाली, "का झोप लागली?"

तात्पर्य: दुसऱ्याशी बरोबरी करून घेतलेली उंची आपल्याच माणसांना परकी होते; ज्यांच्यासाठी काही करायचं, त्यांचा पाय कुठवर पोचतो हे आधी त्यांनाच विचारावं.