सावरदरीची रेवडी

पडद्यावरची माणसं नुकतीच बोलायला लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या पलीकडं, नदीच्या वळणावर सावरदरी नावाचं गाव आहे. तिथं बाळव्वा नावाची एक कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाही. घरात एक चाक, अंगणात मडकी भाजायचा आवा, आणि दाराशी एक गाढवी. गाढवीच्या नाकावर तीळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते, म्हणून तिचं नाव रेवडी.

रेवडी जन्मली ती आव्याच्या शेजारीच. असं म्हणतात, की तिनं डोळे उघडले तेव्हा आईच्याही आधी धूर पाहिला. त्यामुळं धुराला भ्यायचं असतं हे तिला कधी कळलंच नाही.

एका हिवाळ्यात शहरातली सिनेमाची मंडळी नदीकाठी उतरली. श्रीपतराव नावाचे त्यांचे दिग्दर्शक. चित्रपट एका राणीचा होता. शत्रू गाव जाळतो आणि राणी तान्ह्या बाळाला घेऊन घोड्यावरून निसटते, असा त्यात प्रसंग होता. मंडळींनी ओला पाला पेटवून धूर केला, पण धूर बघताच घोडा उधळला. दुसरा आणला, तोही उधळला. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी श्रीपतराव डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात धुरात घंटा वाजली. गळ्यात घंटा, पाठीवर मातीची गोणी घेऊन रेवडी आपल्या रोजच्या वाटेनं घरी निघाली होती. ती धुरातून सरळ चालत आली, कॅमेऱ्यासमोर थांबली, त्याच्याकडं टक लावून बघितलं, शिंकली आणि पुढं गेली.

श्रीपतराव ताडकन उठले. "राणी गाढवावरून जाईल! शत्रू तिला घोड्यावर शोधणार. गाढवाकडं कोण बघतंय?"

राणीचं काम करणाऱ्या कुमुदिनीबाई संतापल्या. "गाढवावर चोराची धिंड काढतात. मी नाही बसायची!"

रेवडीच्या मागोमाग आलेली बाळव्वा हे ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही पानी पिता त्यो माठ कशाचा? त्याची माती असल्याच कुनाच्या तरी पाठीवरनं आलीया. तवा न्हाई लाज वाटली? बसा गुमान."

कुमुदिनीबाईंनी पदर खोचला. मग बसल्या.

चित्रपट लागला. राणी गाढवावर बसलेली बघून थेटरात आधी हशा पिकला. मग धुरातून ती इवलीशी घंटा वाजत वाजत पुढं यायला लागली, आणि हसणारी माणसं डोळे पुसायला लागली. त्यानंतर रेवडीनं अकरा चित्रपट केले. असं म्हणतात, की तिला दोनदा सांगावं लागत नसे. 'कट' म्हटलं की ती थांबे, आणि नटाचं वाक्य चुकलं की कान हलवी. लांबलांबून लोक बैलगाड्या जुंपून तिला बघायला येत. बाळव्वा मात्र अट घालून बसली होती. शूटिंग संपलं की रेवडी घरी आली पाहिजे. आणि घरी आली, की रेवडी पुन्हा माती वाहायची.

मग ती जत्रा आली. गावात तंबूचा सिनेमा आला होता आणि रेवडीचाच चित्रपट लागला होता. संध्याकाळचा पहिला खेळ. सगळं गाव आत दाटीवाटीनं बसलेलं. रेवडीला झूल घालून बाहेर दाराशी उभं केलं होतं आणि बाळव्वा तिच्याजवळ होती. पडद्यावर गाव जळायला लागलं, धूर पसरला, आणि त्याच वेळी मागं यंत्रातल्या फिल्मनं पेट घेतला. लोकांना वाटलं, धूर पडद्यातलाच आहे. डोळे चुरचुरले तेव्हा कळलं. मग एकच कालवा झाला. पडदा विझला, अंधारात दार कुठं ते कुणालाच दिसेना, माणसं एकमेकांवर पडायला लागली.

बाळव्वानं रेवडीच्या कानाशी तोंड नेलं. "जा गं बाय. आपली मान्सं हाईत."

रेवडी आत शिरली. आतल्यांनी घंटा ऐकली. असं म्हणतात, की लोकांना वाटलं, राणीला घेऊन निघालेली रेवडी पडद्यातूनच खाली उतरली. कुणी तिची झूल धरली, कुणी शेपूट, कुणी पुढच्याचा हात, आणि घंटेमागून माणसांची माळ बाहेर आली. ती पुन्हा आत गेली. कुणी म्हणतं तीन खेपा केल्या, कुणी म्हणतं सात.

शेवटी सगळे बाहेर आले असं वाटलं, तोच सोनाराची सून किंचाळली, "माझी तानी! तानी आतच ऱ्हायली!"

कुणी काही म्हणायच्या आत रेवडी वळली होती. बाळव्वा तिचं शेपूट धरून मागोमाग धावली. तंबू एका बाजूनं खाली बसला. लोकांनी देवाचं नाव घेतलं. आणि धुरातून घंटा वाजली. रेवडी आपल्या चालीनं, जराही घाई न करता बाहेर आली. पाठीवर तान्ही मुलगी होती आणि बाळव्वानं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं.

त्या दिवशी गावातलं एकही माणूस दगावलं नाही. रेवडीचा डावा कान मात्र अर्धा जळला आणि आयाळ गेली ती परत आली नाही.

श्रीपतराव स्वतः हार घेऊन आले. "बाळव्वा, कानासकट नवी गोष्ट लिहितो. एक चित्रपट आणखी करू."

बाळव्वा रेवडीकडं बघून म्हणाली, "सायेब, लई केली तिनं कामं. आता तिला नुसतं उन्हात हुभं ऱ्हाऊ द्या."

पुढं चौदा वर्षं रेवडी उन्हात उभी राहिली. येणाराजाणारा तिच्या पाठीवर हात ठेवून मगच पुढं जाई. आगीतून वाचलेली तानी ऐंशी वर्षं जगली. ती म्हणायची, "आग मला आठवत न्हाई. त्या पाठीची ऊब तेवढी आठवती."

आजही सावरदरीत जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गाढवांवर ओझं चढत नाही. त्यांना नदीवर धुतात, हळद लावतात, गूळ-हरभरे चारतात. शाळेच्या भिंतीवर पडदा लावून चित्रपट दाखवतात, तेव्हा दाराशी एक गाढव आणून उभं केल्याशिवाय दिवे मालवत नाहीत.

आणि गावात नवे मास्तर आले, की त्यांची हमखास गंमत होते. गणित चुकलं म्हणून ते एखाद्या मुलीवर ओरडतात, "गाढव आहेस अगदी!" मुलगी लाजते. सगळा वर्ग तिच्याकडं हेव्यानं बघतो. आणि संध्याकाळी तिची आई पुरणपोळीचं ताट झाकून घेऊन मास्तरांच्या दारात उभी असते.