पहिल्या नंबरचा मानकरी

सांगलीच्या फिल्म क्लबात एका जुन्या अमेरिकन दिग्दर्शकाच्या काउबॉयपटांचे नंबर लावायचं चाललं होतं. पहिला येईल तो वर्धापनदिनाला पुन्हा दाखवायचा.

समीक्षक हुपरीकर सर दुसऱ्या कुणाला बोलूच देईनात. "पहिला नंबर रेल्वे लुटीच्या सिनेमाचा! आधी नायकाची अंत्ययात्रा, मग तोच नायक घोड्यावर! काळाशी असं खेळायला छाती लागते. मी बारा पानी लेख लिहिलाय त्यावर."

मशीन चालवणारे दस्तगीरचाचा मागून म्हणाले, "सर, नंबर चुकतोय."

"चाचा, रिळं लावणाऱ्याला यातलं काय कळणार?"

"एवढंच कळतं, की क्लबात तो सिनेमा दाखवला त्या दिवशी घाईत मी पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लावलं होतं. पहिला नंबर द्यायचाच असेल तर त्या गोऱ्या साहेबाला कशाला? मला द्या!"