निघताना काय म्हणावे

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला साठीनंतर उडण्याचा छंद लागला. हसू नका, हौसेला कुठे वय असते? दुकान मुलाच्या स्वाधीन करून हे शेटजी डोंगरावरच्या एका वृद्ध गुरुजींकडे जाऊ लागले. मोठ्या कापडी छत्रीला माणूस बांधून कड्यावरून वाऱ्यावर तरंगायचे, ही गुरुजींची विद्या. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून गाव मोकळे झाले. पत्नी वैजयंताबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला.

अखेर एकट्याने उडण्याचा दिवस उजाडला. पावसाळा तोंडावर आलेला. आज हुकले तर थेट दिवाळीनंतर. छत्री मागे पसरली, पट्टे आवळले. शेटजींनी आभाळाकडे पाहून हात जोडले. “गुरुजी, जातो!”

गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी सगळे पट्टे सोडून टाकले. “बसा खाली.”

शेटजींचे डोळे भरून आले. “वय झालं माझं, हेच ना? मग इतके महिने आशेला का लावलंत?”

“वयाचं नाव काढू नका, मी तुमच्याहून थोरला. शेट, शेजारच्या गल्लीत निघालो तरी आपण काय म्हणतो? ‘येतो’ म्हणतो ना?”

“अहो, निघून गेलं तोंडातून! तुम्हीसुद्धा अपशकुन मानता?”

“अपशकुन गेला खड्ड्यात! ‘येतो’ म्हणणाऱ्याचं मन परतीच्या जागी आधी जाऊन येतं. तुमचं चित्त नुसतं आभाळात. उतरायची जागा न पाहता जो उडतो, तो उडत नाही, निघून जातो. खाली एकदा तरी पाहिलंत?”

शेटजी ओशाळले. कड्याशी येऊन वाकले. उतरण्यासाठी राखलेल्या माळावर, अगदी मधोमध, वैजयंताबाई दोन्ही हातांनी पदर पसरून उभ्या होत्या. नवरा पडलाच, तर झेलायला!

“अगं बाई!” शेटजींना हसू आले आणि रडूही. “मी थेट तिच्यावरच आदळलो असतो की हो!”

गुरुजींनी खाली फोन करून बाईंना झाडाच्या सावलीत बसवले आणि शेटजींचे पट्टे पुन्हा आपल्या हातांनी आवळले. शेटजी उडाले, मनसोक्त तरंगले आणि माळावर अलगद उतरले. बाई धावत आल्या, आधी पोटभर रागावल्या, मग त्यांचा घाम पुसू लागल्या.

हौस कोणत्याही वयात करावी. आपल्यासाठी खाली पदर पसरून कोण उभे आहे, तेवढे मात्र आधी पाहावे.