तळटीप नसलेलं वाक्य

अर्ध्या विद्यापीठाचे पीएचडीचे प्रबंध माझ्या हातून पार पडलेत. म्हणजे बाइंडिंगपुरते, मी स्वतः सातवी नापास. त्या दिवशी शलाका घोरपडे माझ्या दुकानात पेंगत बसली होती. प्रबंध जमा करायची शेवटची संध्याकाळ, आणि समोरच बसून पानं चाळणारे तिचे मार्गदर्शक कानविंदे सर काही सही करीनात. त्यांचा नियम एकच: वाक्य मुळात ज्याचं, त्याचंच नाव तळटीपेत हवं.

"करा की सही, सर. माझी खळ वाळून चालली," मी म्हणालो.

सरांनी एका वाक्यावर बोट आपटलं. "याला तळटीप नाही. कुणाचं उचललंस हे?"

शलाका थकल्या आवाजात म्हणाली, "तुमच्या पुस्तकातलं आहे, सर. तिथंही तळटीप नाही. मुळात कुणाचं तेवढं सांगा, लगेच घालते."