वेशीवर विचारलेले वय

एका व्यापाऱ्याने एकदा एक गाव वसवले. त्यासाठी त्याने जमीन घेतली नाही, विहीर खणली नाही की रस्ता आखला नाही. गाव होते मोबाइलच्या पडद्यावर आणि त्याचे नाव होते गडवाडी. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपली रीत शहरांतल्या अंगणांबरोबरच नाहीशी होत चालली. माती आणायची कुठून आणि चिखल कालवायचा कुठे? गडवाडीत मात्र बारा महिने किल्ले उभे राहत. कोणी बोटाने तट लिंपी, कोणी बुरूज चढवी, कोणी पायथ्याशी हळीव पेरून गवत उगववी. एक टोपणनाव घ्यायचे, आवडेल ते रूप धारण करायचे आणि कामाला लागायचे. कधी तोंडही न पाहिलेली माणसे एकाच किल्ल्यावर महिनोन्‌महिने खपत आणि बुरूज कलला म्हणून मनापासून भांडतही असत.

या व्यापाऱ्याला सगळे शेठ म्हणत. गावाला पैसा त्यांचा, पण कल्पना आणि मेहनत ऋजुता नावाच्या तरुणीची. कलाशाळेतून शिकून बाहेर पडल्यावर तिने दुसरे काही केलेच नव्हते. गडवाडी म्हणजे तिचा जीव की प्राण.

एके दिवशी शेठ तिला म्हणाले, "ऋजुताबाई, जाहिरात देणारे मला विचारतात, तुमच्या गावात राहतं कोण? पोरं राहतात, तरुण राहतात की म्हातारी माणसं? मला काही सांगताच येत नाही. किल्ले बांधणारे राहतात म्हटलं की ते हसतात. तुम्ही वेशीवर जन्मवर्ष विचारा आणि ज्याला त्याला त्याच्या वयाच्या मैदानात पाठवा. म्हणजे मुलांना चॉकलेट दाखवता येईल आणि आजोबांना गुडघ्याचं तेल."

ऐकायला किती शहाणपणाचे वाटते पाहा. ऋजुतालाही ते पटले. तिने गावाच्या वेशीवर जन्मवर्ष विचारणारी चौकट बसवली आणि गावात भिंती घालून तीन मैदाने पाडली. ज्येष्ठांच्या मैदानाला तर तिने विशेष जीव लावला. तिथली अक्षरे टपोरी केली, रंग सौम्य केले, बोटांना त्रास नको म्हणून माती आपोआप सारखी होईल अशी सोय केली. तिथे येणाऱ्याला आपसूक शाल आणि काठी मिळे. थोडा वेळ काम झाले की एक मृदू आवाज विचारी, "दमलात का? जरा विसावा घ्या." हे वाक्य लिहिताना ऋजुताचे डोळे पाणावले होते. आपल्या हातून काही पुण्याचे काम होत आहे असे तिला खरोखर वाटत होते.

शेठ खूश झाले. जाहिराती आल्या. आणि गाव हळूहळू ओस पडू लागले.

गडवाडीत दरवर्षी दिवाळीला सर्वांनी मिळून एक महागड बांधण्याचा प्रघात होता. त्या वर्षी तरुणांच्या मैदानात तो अर्ध्यावर अडला. तट उभे राहिले, पण दरवाजा काही साधेना. जो तो काढी तो समोरून सरळ दिसणारा, वाड्याचा दरवाजा असावा तसा. गडाचा दरवाजा कसा, दोन बुरुजांच्या कुशीत वळून लपलेला, गोमुखी हवा. मुलांच्या मैदानात चॉकलेटच्या जाहिराती चालत आणि किल्ले कोसळत. ज्येष्ठांच्या मैदानात लोक येत, फुलांची चित्रे पाठवून सुप्रभात म्हणत आणि निघून जात.

शेठ हिशेबी होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी सरळच सांगितले, "दिवाळीला महागड उभा राहिला तर गाव चालू ठेवू. नाही राहिला तर कुलूप लावू. उगाच ओढत बसण्यात अर्थ नाही."

ऋजुताच्या पायाखालची जमीन सरकली. ती उठली आणि आपल्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी तिला कलाशाळेत मातीकाम शिकवले होते. वय ऐंशीच्या पुढे, बोलणे मोजके, आणि विद्यार्थ्याने कितीही घाई केली तरी स्वतः घाई न करण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी सर्व हकीकत शांतपणे ऐकली आणि हात पुढे केला.

"तुझा मोबाइल दे पाहू."

ऋजुताने दिला. गुरुजींनी चष्मा सावरून गडवाडी उघडली, तिच्या खात्यातले जन्मवर्ष पुसले आणि त्या जागी स्वतःचे जन्मवर्ष लिहिले.

"गुरुजी, हे काय?"

"आठ दिवस तू माझ्या वयाची. गावात तशीच राहा. स्वतःहून कोणाला काही सांगू नकोस, पण कोणी थेट विचारलं तर खोटंही बोलू नकोस. जा आता, माझी झोपायची वेळ झाली."

भर दुपार होती. ऋजुताला मनातून राग आला. इथे गाव बुडायला लागले आहे आणि गुरुजींना खेळ सुचतो आहे, असे तिला वाटले. पण त्यांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. घरी येऊन तिने गडवाडीत प्रवेश केला. तत्क्षणी तिच्या अंगावर शाल आली आणि हातात काठी.

तिने बुरुजाला खाच पाडायला घेतली, तर माती आपोआप सपाट झाली. पुन्हा पाडली, पुन्हा सपाट. तिसऱ्या खेपेला तो मृदू आवाज म्हणाला, "दमलात का? जरा विसावा घ्या." ऋजुता दमली नव्हती. ती चिडली होती, आणि ज्या वाक्यावर चिडली होती ते तिचेच होते. मग तिला तरुणांच्या मैदानातला तो फसलेला दरवाजा दिसला. दुरुस्त करावा म्हणून ती तिकडे निघाली, तर वाटेतच पाटी आली, "हे मैदान आपल्यासाठी नाही." हीदेखील तिनेच लावलेली. आपल्याच गावात आपण परके झालो, असे तिला वाटले.

तेव्हा तिला एका कोपऱ्यात 'गोमुख' दिसला. हे टोपणनाव तिला चांगले ठाऊक होते. भिंती घालण्यापूर्वी गडवाडीतल्या प्रत्येक चांगल्या दरवाजामागे हाच गोमुख असे. बोलणे फटकळ, काम चोख. कोणाचे काही चुकले की लिहायचा, "पाडा आणि पुन्हा बांधा." ऋजुता त्याला कॉलेजातला एखादा व्रात्य मुलगा समजत असे. तो दिसेनासा झाला तेव्हा परीक्षा असेल म्हणून तिने मनावर घेतले नव्हते. आणि हा इथे, शाल पांघरून, काठी घेऊन, काहीही न करता बसलेला.

गोमुखनेच आधी लिहिले, "नव्या दिसता. गुडघे कसे आहेत? इथं पहिल्यांदा तेच विचारायची पद्धत आहे."

"गुडघे बरे आहेत," ऋजुताने लिहिले. "पण तुम्ही हल्ली दरवाजे का बांधत नाही?"

मग उत्तर आले.

"मी इंदुमती सरपोतदार, कराडची. नकाशे काढायच्या खात्यात हयात गेली, आता पंचाहत्तरी आली. घरी सगळं छान आहे हो. मुलगा काळजी घेतो, सून पथ्यपाणी सांभाळते. पण दिवसभर माझं वय सगळ्यांच्या तोंडात. जिना जपून, पाणी कोमट, ऊन लागेल. दुपारी तेवढी मी इथं यायची आणि कोणीतरी विचारायचं, 'गोमुखदादा, दरवाजा कुठल्या अंगाला काढू?' पुरुष समजायचे मला. समजेनात का. त्या दोन घटकांत माझं वय मला आठवायचं नाही. मग एक दिवस वेशीवर वय विचारलं. खोटं लिहायची सवय नाही, खरं लिहिलं. लगेच हातात काठी आली. इथं मला सगळे तब्येत विचारतात, बाई. दरवाजा कोणी विचारत नाही. तुमचं वय काय?"

थेट प्रश्न आला होता. ऋजुताने सर्व लिहून टाकले. आपण तिशीच्या आहोत, गुरुजींच्या सांगण्यावरून इथे आलो, आणि ही भिंत, ही पाटी, ही काठी सारे आपलेच.

ऋजुताला वाटले, बाई आता उठून जाणार.

मग अक्षरे उमटली. "अस्सं. काठी तुम्ही दिलीत होय? मूठ तरी बरी करायची." आणि पुढच्या ओळीत, "रडत असाल तर डोळे पुसा. मनानं चांगल्या आहात तुम्ही. पण मला नाही राहायचं इथं." एवढे लिहून गोमुख खरेच निघून गेला.

आठ दिवस पुरे होण्याची वाट न पाहता ऋजुता गुरुजींकडे धावली. घडले ते सर्व सांगून म्हणाली, "गुरुजी, मला कळलं. आजच वेशीवरचा प्रश्न काढून टाकते. कोणाला वय विचारायचंच नाही."

गुरुजींनी मान हलवली. "तुला काही कळलेलं नाही. बस खाली."

ती बसली.

"गावात लहान मुलं आहेत. कोणी परका मोठा माणूस मुलाचं रूप घेऊन त्यांच्याशी एकांतात बोलू लागला, तर त्यांच्या आईबापांना तू काय तोंड दाखवशील? वय विचारलंच पाहिजे, आणि नीट पारखून विचारलं पाहिजे. ते राखण करण्यासाठी विचारायचं असतं. तू राखणीसाठी मिळालेलं उत्तर माणूस ओळखायला वापरलंस, तिथं घोटाळा झाला. जन्मवर्षावरून माणूस किती जगला ते समजतं. तो तुझ्या दारी काय व्हायला आला आहे, ते कसं समजेल? माणसं घरून निघताना आपलं वय पायताणासारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात आणि मग तुझ्या गावात शिरतात. तू धावत जाऊन ते पुन्हा त्यांच्या पायात घालतेस. वर प्रेमानं घालतेस, म्हणून त्यांना नाहीही म्हणवत नाही."

ऋजुता खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही मला त्याच दिवशी तोंडी सांगितलं असतं तर?"

"तू हो म्हणाली असतीस आणि काठीला चांगली मूठ बसवली असतीस," गुरुजी म्हणाले आणि मिस्कील हसले.

काय हा माणूस! आयुष्यभर माती हाताळली, मोबाइल नातवाने आणून दिलेला, आणि ज्या दुखण्याला शेठचे सारे सल्लागार हात लावू शकले नाहीत त्यावर नेमके बोट ठेवून मोकळा झाला. ऋजुताने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे मन अगदी स्वच्छ झाले होते.

तिने भिंती पाडल्या. मुलांभोवतीची राखण मात्र आधीपेक्षा पक्की केली. त्यांच्याशी कोणालाही खासगीत बोलता येईना, जे काही बोलायचे ते सर्वांदेखत, चावडीवर, देखरेख करणाऱ्याच्या नजरेखाली. वय वेशीवरच्या राखणदारापाशी राहू लागले, पुढे गावात कोणाला ते दिसेना. टपोरी अक्षरे हवी त्याने मागून घ्यावीत, मग तो विशीतला असो की सत्तरीतला. आणि येणाऱ्याला पहिला प्रश्न एवढाच, "काय बांधणार?"

शेठ कुरकुरले. "मग जाहिरात देणाऱ्यांना मी काय सांगू?"

"आपल्याकडे दरवाजे बांधणारे आहेत, बुरूज रचणारे आहेत, गवत पेरणारे आहेत, असं सांगा. ज्याच्याकडे त्यांच्या कामाची वस्तू असेल तो येईल."

शेठना ते फारसे पटले नाही, पण दिवाळीपर्यंत थांबायचा शब्द त्यांनी दिला होता आणि ते शब्दाचे पक्के होते.

भिंती पडल्याची बातमी पसरली तशी माणसे परतू लागली. गोमुख मात्र येईना. इंदुमतीबाईंना निरोप धाडावा असे ऋजुताला रोज वाटे. पण कोणत्या तोंडाने धाडणार? तिने मन आवरले. महागड दरवाजावाचून तसाच उभा होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. तिने मनाशी गाव गेल्यातच जमा धरले.

एका दुपारी महागडाच्या तटावर अक्षरे उमटली. "हा दरवाजा कोणी काढला? शत्रूला आवतण दिलंय का? पाडा आणि पुन्हा बांधा."

ऋजुता कामाच्या टेबलापाशी एकटीच हसू लागली आणि हसता हसता तिला रडू आले. तिकडे तटावर नुसता कल्ला उडाला. कोणीतरी लिहिले, "गोमुखदादा आले." सगळ्यांनी मिळून तो फसलेला दरवाजा आनंदाने जमीनदोस्त केला आणि नव्याने माती लिंपायला घेतली. काही मुले चावडीवरून सूचना करीत होती, गोमुख त्यांतल्या निम्म्या धुडकावीत होता आणि निम्म्या मानीत होता.

वसुबारसेला महागड पुरा झाला. शेठ आपल्या पेढीवर ऋजुतासमोर बसून तो न्याहाळू लागले. बोटाने वाट धरून ते वर चढले, एका बुरुजाला वळसा घातला, दुसऱ्याला घातला, पण दरवाजा काही सापडेना. ते पुन्हा पायथ्याशी आले आणि पुन्हा चढले. त्यांना असे रमलेले ऋजुताने कधी पाहिले नव्हते.

"हे कोणाचं काम?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"गोमुख नावानं येतात, त्यांचं."

"कोण आहे? वय काय?"

ऋजुताला वय ठाऊक होते. ते अगदी जिभेवर आले आणि तिने ते गिळले.

"दरवाजे बांधतात," ती म्हणाली.

शेठनी "बरं" म्हटले आणि ते पुन्हा दरवाजा शोधू लागले.