तारवलीची वाकडी वाट

तारवलीच्या खाडीकाठाने सायकलवर निघालेला पाहुणा एका ठिकाणी हमखास थबकतो. जेटीपासून बाजारपेठेपर्यंत वाट पाण्याला लागून सरळ जाते. डाव्या हाताला माड, उजव्या हाताला खाडी, समोर लांबवर दर्याचं तोंड. आणि मध्येच, काही कारण दिसत नसताना, ही वाट काठ सोडते, चिखलात शिरते, पोट सुटलेल्या माणसासारखी खाडीत फुगते आणि बरंच पुढे जाऊन पुन्हा काठाला लागते. आतल्या बाजूला मोकळी, सपाट जमीन पडलेली आहे. चाक तिकडे वळवलं की लगेच पलीकडे पोचावं.

पाहुणा चाक वळवतो, आणि कालवं फोडत बसलेली एखादी म्हातारी तिथूनच ओरडते, "हयसून नको रे बाबा! वळणान जा!" मग पाहुणा मुकाट्याने खाली उतरतो. सायकल हातात धरून, पायाखाली करकरणाऱ्या शिंपल्यांवरून चालता चालता, आयुष्यभर होडी हाकलेले दामाजी तांडेल त्याला जी हकीकत सांगतात ती अशी.

पूर्वी ही वाट सरळच होती म्हणे. तारवलीच्या बायका रात्रीची मासळी पहाटे पाट्यांत भरायच्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि काठाकाठाने झपाझपा बाजार गाठायच्या. मधल्या टप्प्यात आपाजी खोताची बाग होती. घर वाटेला लागूनच. एक दिवस खोताच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्याने ओसरीवरून हाक देऊन बायकांना थांबवलं. "उद्यापासून ही वाट बंद. तुमच्या पाट्यांच्या वासाने घरात बसवत नाही. डोंगरावरून जा." आणि दुसऱ्या दिवशी वाटेत जांभ्या दगडांचा गडगा उभा राहिला.

डोंगरावरून जायचं म्हणजे घाटी चढून, पठार तुडवून, पलीकडे उतरायचं. तोवर ऊन वर येणार आणि मासळी नासणार. नासलेली मासळी कोण घेतो? तारवलीत त्या आठवड्यात चुली निवू लागल्या. पुरुषांनी खोताकडे जाऊन हात जोडले. खोताने नाकाला उपरणं लावलं.

शेवंती ही त्या बायकांतलीच एक. तोंडाने फटकळ, अंगाने किडकिडीत. ती पाटी घेऊन गडग्यापाशी गेली, गडग्याकडे एकदा बघितलं, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि सरळ खाडीच्या चिखलात उतरली. खोत ओसरीवरून म्हणाला, "अगो, बुडशील!"

"बुडलंय तर दर्यात बुडान," ती म्हणाली. "चिखल दर्याचो, खोताचो नाय."

मांडीएवढ्या चिखलातून, तिवरांची मुळं धरत, पाटी डोक्यावरून न उतरवता ती पलीकडे निघाली. कालवांच्या धारेने पाय फाटले. बाजारात पोचली तेव्हा घोट्यापासून रक्त गळत होतं, पण मासळी ताजी होती. त्या दिवशी तिने गावदेवीपुढे नारळ ठेवला आणि सांगितलं की ही वाट मी सोडणार नाही, आणि रोज जाताना ओंजळभर शिंपले पायाखाली टाकीन. त्या ओंजळभर शिंपल्यांनी काय होणार होतं? चिखल गिळून टाकायचा. गाव हसलं. तिचा नवरा म्हणाला, "खाडी भरूक निघालीस?" शेवंतीने त्याला भाकरी वाढली.

तिची जाऊ मथुरा दुसऱ्या दिवशी मागोमाग चिखलात उतरली. मग आणखी बायका. तारवलीत कालवं, तिसऱ्या, खुबे रोजचेच, त्यामुळे दारोदार शिंपल्यांचे ढीग. प्रत्येकीने जाताना पाटीच्या कडेला ओंजळभर न्यायचे आणि पाय ठेवायच्या जागी टाकायचे. चिखलाने खाल्ले, भरतीने वाहून नेले, त्यांनी पुन्हा टाकले. पावसाळे गेले. शेवंतीचे केस पांढरे व्हायला लागले, पायांना कायमची लंगड आली, आणि एका ओहोटीला पाण्यातून पांढरी कड वर आली. ती बघून पुरुषांना लाज वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून ते होड्यांतून दगड आणून ती वाट भरतीच्या वर उचलू लागले.

खोताला हे सहन होईना. आपल्या घरासमोर, आपल्या डोळ्यांदेखत, ह्या बायका डोकं वर करून जातात म्हणजे काय! त्याने गडी लावून बागेसमोरची सगळी तिवरं तोडून टाकली. बायकांना धरायला मूळ नको आणि सावलीला पान नको, एवढाच त्याचा हिशेब. कोकणात राहून, खाडीच्या काठावर जन्म काढून माणसाने तिवरं तोडावीत! दामाजी तांडेल इथे सायकल थांबवायला लावतात आणि पाहुण्याकडे असं बघतात, जणू ती तिवरं त्यानेच तोडली.

श्रावणात अमावास्येचं उधाण आलं. वर घाटात पाऊस कोसळत होता, खालून भरती चढत होती. बागेची खार जमीन सखल, पुढचा बांध तिवरांच्या आधारावर उभा. तिवरं नाहीत म्हटल्यावर लाटांनी भर दिवसा बांध फोडला. माड मुळासकट आडवे झाले. मागचा ओढा फुगला होता, त्यामुळे डोंगराकडे जायची सोय राहिली नाही. खोताच्या घरात गुडघाभर पाणी, आणि सगळ्या काठावर पाण्याबाहेर राहिलेली एकच गोष्ट म्हणजे खाडीतली ती पांढरी, वाकडी वाट.

खोत निघाला. मागे त्याची सून, तिच्या कडेवर तान्हं मूल. ते कसेबसे शिंपल्यांच्या टोकाशी आले, तर तिथे उधाणात वाट राखायला शेवंती आणि बायका उभ्या. एवढ्या वर्षांचा राग होता. मथुरा म्हणाली, "बुडांदे मेल्यांका!" आणि खरं सांगायचं तर तिला कोणी दोष दिला नसता.

शेवंतीने आधी सुनेला हात देऊन वर घेतलं, मुलाला पदराखाली घातलं आणि मथुरेच्याच हाती दिलं. मग ती खोतापुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात मासळीची जुनी पाटी होती, शिंपल्यांनी काठोकाठ भरलेली.

"मोकळ्या हातान ह्या वाटेर कोण चलत नाय," ती म्हणाली. "डोक्यार घेवा."

पाणी चढत होतं. खोताने पाटीकडे बघितलं, मागे फुटलेल्या बांधाकडे बघितलं. मग उपरण्याची चुंबळ केली आणि पाटी डोक्यावर घेतली. त्या पाटीचं खारं, कुजकं पाणी त्याच्या कपाळावरून, नाकावरून, मिशांवरून गळत होतं आणि दोन्ही हात पाटीला असल्यामुळे त्याला ते पुसताही येत नव्हतं. सबंध वळण तो तसाच चालला. पलीकडे वाट जिथे खचली होती तिथे त्याने पाटी रिती केली. बायकांपैकी कोणी हसलं नाही म्हणतात. ह्यावर मात्र तारवलीत कोणाचा विश्वास नाही.

पाणी ओसरल्यावर खोत स्वतः गावदेवीच्या देवळात आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "गडगा काढला. जुनी वाट तुम्हाला दिली. आता त्या चिखलातून जाऊ नका." गावाला गहिवरून आलं. पुरुषांनी हात जोडले, कोणी तरी देवीच्या नावाने जयजयकार केला. शेवंती खांबाला टेकून बसली होती. फाटलेले, वाकडे झालेले पाय पुढे पसरून. ती उठली नाही.

"तुमची वाट तुमका ऱ्हवांदे," ती म्हणाली. "दिलेली वाट उद्या तुमी परत घेशात. आमी केलेली कोण घेईत?"

मग मथुरा तिच्याशेजारी जाऊन बसली, तिच्यामागून बाकीच्या.

मधल्या काळात खोतांची बाग गेली, घराचं जोतंही राहिलं नाही. अलीकडे सायकलींसाठी वाट बांधायची ठरली तेव्हा साहेब लोक कागदावर सरळ रेघ मारून आले होते. तारवलीच्या बायका वळणावर पाट्या मांडून बसल्या आणि साहेबांना चहा पाजला, पण उठल्या नाहीत. शेवटी दोन्हीकडे गुळगुळीत वाट झाली आणि मधलं वळण शिंपल्यांचंच राहिलं, चाक रुततं म्हणून सायकल हातात धरून न्यावी लागते.

आजही तारवलीत लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्यांदा बाजाराला निघते ती ह्याच वळणाने, अनवाणी, ओंजळीत शिंपले घेऊन. खोतांच्या घराण्यात आलेल्या सुनाही तशाच येतात. आतली मोकळी जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, पण त्याही सरळ जात नाहीत.