घड्याळजीचा दुसरा डोळा

“वैद्य व्हायचे की संशोधक? यांतले एक निवडा, असे निवड समितीने सलग दोन वर्षे मुलाखतीत सांगितले. सर, मी कोणते निवडू?”

मदतनीस वसुधा तांबटने अर्जाची प्रत टेबलावर आपटली. कुष्ठरुग्णालयाच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत काही आपटण्याची प्रथा नव्हती.

डॉक्टर खांबेटे काचपट्टी पुसत राहिले.

“अभ्यासक्रमच संयुक्त आहे,” ती म्हणाली. “वैद्यक आणि संशोधन. आठ वर्षे, दोन पदव्या. तरी विचारतात, दोन्ही कशाला? ते संपले की, इतक्या उशिरा का? मी अडतीस वर्षांची आहे. पुढील वर्षी वयोमर्यादेबाहेर जाते. शुक्रवारी मुदत संपते, आणि आपले शिफारसपत्र अजून…”

“अर्ज वाचला मी.”

“मग?”

“अर्ज कुठला? हा तर माफीनामा आहे. ‘विलंब’ हा शब्द सात वेळा.”

“अख्खा अर्ज सतरा वेळा लिहून झाला, सर! आणखी काय लिहू?”

“अठराव्यांदा लिहू नकोस. ही तपासणीची काचपट्टी घे, जंतू मोज.”

वसुधाने कपाळाला हात लावला. तरी बसली.

सूक्ष्मदर्शक जुना, एका नळीचा. डावा डोळा नळीला लावून ती जंतू मोजू लागली. उजवा हात शेजारच्या कागदावर रेघा ओढत होता.

…

“बावीस,” ती पुटपुटली. “तेवीस… अहो बाबा, पाऊल उचलू नका! तिथेच थांबा.”

समोरच्या दारात एक वृद्ध रुग्ण दचकून उभा राहिला.

“म्या काय केलं, बाई?”

“चपलेतून खिळा घुसलाय. फरशीवर रक्त उमटतंय तुमचं.”

“व्हय? मला तर काईच लागलं न्हाई. चप्पल नवीच हाय.”

त्याच्या तळपायाची संवेदना केव्हाच गेलेली होती. वसुधाने त्याला बाकावर बसवले, खिळा काढला, जखम धुऊन पट्टी बांधली, चप्पल न पाहता घातल्याबद्दल त्याला दटावले. मग हात धुऊन ती जागेवर परतली.

“चोवीस,” ती म्हणाली.

खांबेटे तिच्याकडे पाहत होते.

“नळीतून दार दिसते?”

“दार दुसऱ्या डोळ्याला दिसते.”

“इथे येणारी झाडून सारी मुले तो मिटतात. वर्षभर ओरडून माझा घसा बसतो, तरी मिटतात. तुला कोणी शिकवले?”

“त्यात शिकवायचे काय?” ती वैतागली. “चौदा वर्षे डोळ्याला भिंग लावून दुकानात घड्याळे दुरुस्त केली. एका डोळ्याने चक्र पाहायचे, दुसऱ्याने हत्यार आणि गिऱ्हाईक. डोळा मिटला की वडील टपली मारायचे.”

“ही चौदा वर्षे अर्जात कुठे आहेत?”

“…खोडली. घड्याळजी वैद्यकाला निघाली म्हणून हसले असते. तिथे लिहिले आहे, ‘कौटुंबिक कारणांमुळे विलंब’.”

“आठवा,” खांबेटे म्हणाले.

“काय?”

“विलंब. सात अर्जात, हा आठवा तुझ्या तोंडी.”

त्यांनी कोरा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

‘अर्जदार चौदा वर्षे घड्याळे दुरुस्त करीत असे. सूक्ष्मदर्शकात पाहताना तिचा दुसरा डोळा उघडा असतो.’

वसुधाने कागद उलटून पाहिला. मागील बाजू कोरी होती.

“इतकेच? सर, त्यांना वैद्य किंवा संशोधक, एकच काहीतरी हवे आहे, आणि आपण हे… निदान ते डोळ्याचे वाक्य तरी खोडा. कृपा करा.”

खांबेट्यांनी लेखणीचे टोपण पुन्हा काढले. टोक कागदावर टेकवले.

…

“खोडतो. कोणता डोळा मिटणार आहेस, नळीवरचा की दाराकडचा, ते आधी सांग.”